खाचेच्या चकत्या

उकंडा मनवरनं हातातले पत्ते पालथे टाकले, बाजूची काठी चाचपली आणि तो उठला. त्या शनिवारपासून राठोडांच्या ओसरीवरचा डाव बंद पडला.

डाव काही कालपरवाचा नव्हता. उत्तमसिंग राठोड एस.टी.च्या यवतमाळ डेपोत मेकॅनिक आणि उकंडा ड्रायव्हर. दोघांना क्वार्टर मिळाले तेही लागून. दोन्ही अंगणांच्या मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून उत्तमसिंगची हंसाबाई आणि उकंडाची सत्यशीला विरजण, कढीपत्ता, शिवणाची कात्री आणि गरज पडली तर रडणारं पोरगंही इकडून तिकडे करायच्या. शनिवारी उकंडा ढाणकीच्या मुक्कामी गाडीवर नसला की दिवेलागणीला चौघं सतरंजी टाकून बसायचे. रमी चालायची. पहिल्याच दिवशी सत्यशीलानं सगळ्यांना बजावलं होतं, "भिंतीवर बाबासाहेबाचा फोटो हाये. त्यांच्यासमोर पैसा लावान त सारे पत्ते चुलीत घालीन."

मग पैशाच्या जागी चिंचोके आले. हंसाबाई तांड्यावरून, म्हणजे माहेरच्या बंजारा वस्तीतून, येताना ते पिशवीभर घेऊन आली होती. वर्षानुवर्षं हाताळून ते असे गुळगुळीत झाले होते की अंधारातही चकाकायचे. त्यातल्या काहींना सत्यशीलानं नेलपॉलिश लावलं होतं. तो लाल चिंचोका दहाचा. उकंडा जिंकायला लागला की मूठभर चिंचोके हातात घेऊन करकर वाजवत बसायचा. उत्तमसिंग चिडायचा. "अबे, गिअर बदलून राह्यला का खेळून राह्यला?" त्या आवाजात पोरं झोपून जायची आणि हंसाबाईचा चहा चुलीवर उतू जायचा. गरीब दिवस होते, पण उत्तमसिंगला आता मागं वळून पाहिलं की त्या दिवसांत गरिबी दिसत नसे. दिसायची ती पिवळ्या बल्बखालची चार डोकी.

रिटायर झाल्यावर दोघांनी आर्णी रोडच्या एकाच ले-आउटमध्ये दोन गल्ल्या सोडून घरं बांधली. डाव सतरंजीवरून ओसरीतल्या टेबलावर आला, एवढाच काय तो फरक पडला. नंतर मात्र साखरेनं उकंडाचे डोळे खाल्ले. नागपूरला चकरा झाल्या, सुया झाल्या, लेझर झालं. उरलं ते इतकंच की उजेड कळायचा, समोर माणूस आहे हे कळायचं, आणि एखादी वस्तू डोळ्याच्या कोपऱ्याशी अगदी जवळ धरली तर तिचा मोठा आकडा कळायचा. ज्या माणसानं आयुष्यभर रात्रीबेरात्री गाडी हाकली, तो आता अंगणातल्या पायरीला काठी लावून उतरायला लागला.

रमीला हातात तेरा पत्ते. एकेक पत्ता नाकाशी नेऊन बघता बघता उकंडाला घाम फुटायचा. बाकीचे तिघं थांबायचे, टाकलेला-उचललेला प्रत्येक पत्ता त्याला मोठ्यानं सांगायचे. आणि मग, कोणी कोणाला न सांगता, हंसाबाई त्याला हवे ते पत्ते टाकायला लागली. उकंडा मनाशी पुटपुटायचा, त्यावरून तिला कळायचं. उकंडा लागोपाठ जिंकायला लागला. चिंचोक्यांचा ढीग त्याच्यापुढं वाढला, पण त्यानं ते करकर वाजवले नाहीत. हे उत्तमसिंगच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

त्या शनिवारी उकंडा शांतपणे म्हणाला, "हंसाबाई, मागच्या फेरीत तुम्ही बदामाचा राजा उचलला. बदामाची राणी तुमच्याजवळ होती. मंग ती टाकली काहून?"

हंसाबाईनं हातातले पत्ते खाली ठेवले.

"डोळे गेले माह्ये," उकंडा म्हणाला. "डोकं नाही गेलं."

आणि तो उठला. सत्यशीला त्याच्या मागोमाग चपला शोधत गेली.

भांडण असतं तर उत्तमसिंगला सोपं गेलं असतं. दोघं हजार वेळा भांडले होते. पण त्यानंतर तो भेटायला गेला की उकंडा खुर्ची द्यायचा, पाण्याचं विचारायचा, उन्हाचं बोलायचा. "बसा उत्तमभाऊ," म्हणायचा. चाळीस वर्षांचं 'अबे' गेलं आणि 'भाऊ' आलं. उत्तमसिंग चहा पिऊन परत यायचा आणि दिवसभर कोणाशी धड बोलायचा नाही. आपल्या हातून काही जिन्नस सांडलाय आणि तो कुठं सांडला ते सापडत नाही, असं त्याला व्हायचं.

दिवाळीला त्याची मुलगी शीला पुण्याहून आली. आईकडून तिनं सगळं ऐकलं. शीला लहानपणी त्याच डावाच्या कडेला, सत्यशीलाकाकूच्या मांडीवर झोपलेली पोर. दोन दिवस ती विचारात होती. तिसऱ्या दिवशी बापाजवळ येऊन बसली.

"बा, रमीच कायले पाहिजे? आम्ही पुण्याला मैत्रिणी मिळून पोकर खेळतो. पैसे नाही, गंमत म्हणून. हातात दोनच पत्ते. बाकीचे पाच टेबलावर उघडे, ते वाटणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचे. आपले दोन आणि टेबलावरचे पाच मिळून ज्याचे पाच पत्ते भारी, तो जिंकला. काकाले दोन पत्ते पाहाले किती वेळ लागते?"

उत्तमसिंगनं मनातल्या मनात दोन पत्ते धरून पाहिले.

"आणि याच्यात कोणी कोणाले पत्ता टाकतच नाही," शीला म्हणाली. "दया करतो म्हटलं तरी जागा नाही."

ते वाक्य त्याला लागलं. दोन दिवसांत तो खेळ शिकला. हंसाबाईही शिकली, कुरकुरत. चिंचोके काढून बसले तेव्हा शीलानं एक अडचण दाखवली. या खेळात पत्त्यापेक्षा किती लावलं ते महत्त्वाचं. कोणी किती पुढं सारलं, आपल्याजवळ किती उरलं, हे हाताखाली स्वच्छ कळलं पाहिजे. उत्तमसिंगनं डोळे मिटून पिशवीत हात घातला. लाल चिंचोका आणि साधा चिंचोका बोटांना सारखाच लागला.

"याच्या चिप्स येतात," शीला म्हणाली. "गोल चकत्या. पण पाहून घ्याव्या लागतील. भिकार घेतल्या त चिंचोके बरे."

शीला पुण्याला गेली आणि उत्तमसिंग मेन लाइनच्या बाजारात निघाला.

पहिल्या दुकानात त्यानं चिप्स मागितल्या तर पोऱ्यानं कोपऱ्यावरचं वेफर्सचं दुकान दाखवलं. दुसरं दुकान खेळण्यांचं. मालकाला 'पोकर' कळलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, बैठक कुठं भरते?"

"घरी भरते," उत्तमसिंग म्हणाला. "दोन म्हातारे, दोन म्हाताऱ्या. चहा-पोहे असतात. या."

मालक ओशाळून हसला आणि त्यानं प्लॅस्टिकचा डबा काढला. स्वस्त होता. उत्तमसिंगनं एक चकती तळहातावर घेतली. वजनच नाही. कडेला साच्याची कूस तशीच राहिलेली, बोटाला टोचणारी. त्यानं दहाबारा चकत्यांची चवड काउंटरवर रचली. पंखा फिरत होता, तेवढ्यानं ती कलली आणि पसरली. जो माणूस चाचपून खेळणार, त्याच्या हाताखाली ही चवड क्षणभर टिकायची नाही. त्यानं डबा परत दिला.

दत्त चौकाजवळच्या खेळसामानाच्या दुकानात चांदीसारखी पेटी निघाली. आत मखमल, मखमलीत ओळीनं चकत्या. वजनाला झकास. एकीवर दुसरी ठेवली की 'टक्' असा भरीव आवाज यायचा. नवीन बेअरिंग खोलून हातात आल्यावर वाटायचं तसं उत्तमसिंगला वाटलं आणि क्षणभर तो भुललाच. पण प्रत्येकीवर चकाकतं स्टिकर, त्यावर पाचशे, हजार, पाच हजार. त्यानं कडेला नख लावलं. स्टिकर उचकलं.

"भाऊ, हे महिन्याभरात निघते," तो म्हणाला. "आणि येवढ्या मोठ्या आकड्याचं आमाले काय काम?"

"पेटीमुळं शान येते ना काका."

"शान नाही पाह्यजे. चकती पाह्यजे."

किमतीतले निम्मे पैसे तर पेटीचेच होते. घरी येऊन त्यानं शीलाला फोन केला आणि गाडीचा सुटा भाग सांगावा तसं सांगितलं. वजन हवं, पण हात दुखेल इतकं नको. वरचा भाग खरखरीत हवा, चकाकणारा नको, कारण चकाकीनं उकंडाचे डोळे दिपतात. आकडा नको, आपण ठरवू तो भाव. रंग पांढरा, लाल, काळा. निळा-हिरवा नको, ते दोन्ही त्याला सारखेच धुरकट दिसतात. पेटी नको.

शीला हसली. "बा, इतकं तर माझं लग्न ठरवताना नाही पाह्यलं."

"तेव्हा तू पाह्यलं होतं. मी कायले पाहू?"

तिनं एका विक्रेत्याकडून नमुन्याच्या तीन जातींच्या सुट्या चकत्या मागवून पाठवल्या. त्या आल्या तेव्हा उत्तमसिंग ओसरीत बसला, गळ्यातलं उपरणं डोळ्यांवर बांधलं आणि हंसाबाईला म्हणाला, "आता एकेक दे हातात."

"आव, बेस," म्हणजे ये, बस, असं स्वतःलाच म्हणत ती समोर बसली. घरात दोघंच असले की तिच्या तोंडी बंजाऱ्यांची गोरबोली मधूनच येई. तिनं पहिली चकती दिली. चिनीमातीची जात, सगळ्यांत महाग. हाताला गार, सुंदर, पण चवड रचताना एकीवरून दुसरी निसटायची. दुसरी हलकी. तिसरीच्या आत लोखंडाची चकती होती आणि वर जाड, खरखरीत, बिनचमकेचं प्लॅस्टिक. चवड रचली तर भिंतीसारखी उभी राहिली. वाजवली तर आवाज ठसठशीत. किंमत मधली.

"हीच," तो म्हणाला. "आता हिच्यातली लाल दे. मंग काळी."

तिनं दिल्या. त्यानं दोन्ही उलटसुलट फिरवल्या. पुन्हा फिरवल्या. कोणती कोणती, काही कळेना. त्यानं पाण्याचा ग्लास घ्यायला हात पुढं केला आणि तो कलंडला. पाणी मांडीवर आलं. तो तसाच बसून राहिला, उपरणं न सोडता. उकंडाच्या घरी आपण चहाचा कप किती सहज टेबलावर ठेवून द्यायचो, 'घे' म्हणायचो, आणि तो हात पुढं करायच्या आधी क्षणभर थांबायचा, ते त्याला आता दिसलं. डोळे बांधल्यावर दिसलं.

हंसाबाईनं पाणी पुसलं. मग म्हणाली, "खाच पाड ना. माझा बा मोजायले काठीवर पाडायचा. लमाणीत बैलाच्या पाठीवर गोण्या जायच्या, तेव्हापासूनची सवय होती म्हणे त्याइच्या घरात. पाहायचं कायले, बोट फिरवलं की झालं."

चकत्यांचा संच आला आणि उत्तमसिंगनं ट्रंकेतून हत्यारं काढली. रिटायर झाल्यापासून ती फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. तिकोनी कानस तेलकट फडक्यातून बाहेर आली तेव्हा ओसरीत डेपोचा वास पसरला. ग्रीस, रबर, डिझेल. पहाटेची पहिली नेरची गाडी काढताना उकंडा हॉर्न वाजवून म्हणायचा, "उत्तम, ब्रेक पाह्यले ना बे?" आणि हा गाडीखालच्या खड्ड्यातून ओरडायचा, "नाही पाह्यले, देवाचं नाव घे अन् जा!" आणि दोघांनाही माहीत असायचं की ब्रेक दोनदा पाहिलेत.

पांढरी तशीच ठेवली. लाल चकतीच्या कडेला एक खाच. काळीला, म्हणजे सगळ्यांत मोठ्या भावाच्या चकतीला, दोन, समोरासमोर. सुरुवातीच्या काही चकत्यांत कानस खोल गेली, आतलं लोखंड उघडं पडलं. गंजेल म्हणून त्या बाजूला काढल्या. मग हात बसला. खाच पाडायची, बारीक पॉलिश पेपरनं कड मारायची, उपरण्यानं पुसायची, डोळे मिटून बोट फिरवायचं. हंसाबाई शेजारी तूर निवडत बसायची. आठवडाभर दुपारच्या झोपेचं कोणी नाव काढलं नाही.

पुढच्या सोमवारी तो तीन चकत्या खिशात टाकून उकंडाकडे गेला.

"जय भीम," त्यानं दारातून म्हटलं.

"जय सेवालाल. बसा उत्तमभाऊ."

उत्तमसिंग बसला नाही. त्यानं उकंडाचा हात धरला आणि चकत्या तळहातावर ठेवल्या. "नवा खेळ शिकलो. दोन पत्त्याचा. कोणी कोणाले पत्ता टाकत नाही. यायचं असन त रविवारी येजो. हरशीन, हे आधीच सांगून राह्यलो."

उकंडानं एकेक चकती अंगठ्याखाली फिरवली. पांढरी. मग लाल, तिथं अंगठा थांबला. मग काळी, एक खाच, अर्धा फेरा, दुसरी खाच. आत सत्यशीला कणीक मळत होती, तिचा हात थांबला हे परातीच्या आवाजावरून कळलं.

"कोणी पाडल्या?"

"मी."

"काळीची दुसरी खाच तिरपी हाये," उकंडा म्हणाला. "रिटायर झाला त हात गेला बे तुहा."

उत्तमसिंगनं उकंडाच्या हातातल्या चकत्या काढून घेतल्या, "रविवारी दाखवतो हात," एवढं कसंबसं म्हटलं आणि चहा न पिताच तो बाहेर पडला. गल्लीच्या टोकाशी आल्यावर त्याला कळलं की आपण उन्हात टोपी न घालताच चाललोय.

रविवारी दुपारी चारला उकंडा आणि सत्यशीला आले. सत्यशीलानं आधी नियम ऐकून घेतले, पैसा नाही याची खात्री करून घेतली आणि मगच पदर खोचून बसली. शीलानं मोठ्या आकड्यांचे पत्ते पाठवले होते. उकंडा दोन पत्ते उचलायचा, भिंतीकडं वळून डोळ्याच्या कोपऱ्याशी न्यायचा, खाली ठेवायचा. दोन श्वासांत काम. बाकी सगळं कानावर. उत्तमसिंग पत्ते उघडताना मोठ्यानं सांगायचा, आणि उकंडाला ते पुन्हा विचारावे लागत नव्हते.

पहिल्या काही फेऱ्यांत तो जपूनच खेळला. चकत्यांच्या तीन चवडी त्यानं स्वतः रचून घेतल्या. मग एका डावाला टेबलावर राजा आणि राणी आले. उत्तमसिंगच्या हातात गुलामांची जोडी. उकंडानं चवडीवरून बोट फिरवलं, काळ्या सगळ्या उचलल्या आणि पुढं सारल्या. चेहरा असा की स्टॅंडवर गाडी लावून ड्रायव्हर चहाला निघालाय. उत्तमसिंगनं त्याच्याकडं पाहिलं. डोळ्यांत वाचायला काही नव्हतंच. त्यानं पत्ते टाकून दिले. हंसाबाईनंही टाकले, सत्यशीलानंही.

"दाखव," उत्तमसिंग म्हणाला.

उकंडानं दाखवले. सत्ती आणि दुर्री. काहीच नव्हतं.

"कसो आदमी छ!" हंसाबाई ओरडली आणि मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की सत्यशीलानं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. उकंडा चकत्या ओढून घेत होता. "ह्यानं चांगले पत्ते टाकले," तो सत्यशीलाला म्हणाला. "श्वास सोडला ना त्यानं, तवाच समजलं. चाळीस वर्षं ऐकून राह्यलो मी तो श्वास."

ऊन कलायला लागलं तेव्हा सत्यशीला हरून बाजूला झाली होती आणि उकंडाचं नशीब फिरलं होतं. त्याच्यापुढं एकच बुटकी चवड उरली. टेबलावर चौकट दश्शी, किल्वर सत्ती, इस्पिक एक्का, बदाम नव्वी आणि किल्वर तिर्री. उत्तमसिंगच्या हातात दोन दश्श्या होत्या. म्हणजे तीन झाल्या.

उकंडानं उरलेली सगळी चवड पुढं सारली.

हंसाबाईनं आधीच पत्ते टाकले होते. ती नवऱ्याकडं बघत होती आणि हळूच मान हलवत होती, सोडून दे म्हणून. उत्तमसिंगला कळलं. आज पहिलाच दिवस. हरून गेला आणि पुन्हा आलाच नाही तर? पत्ते पालथे टाकायचे, एवढंच होतं. कोणाला कळलं नसतं. उकंडालाही नाही.

त्याचा हात पत्त्यांवर राहिला. मग त्यानं तितक्याच चकत्या मोजून पुढं सारल्या.

उकंडानं एक्का आणि नव्वी उघडली. दोन जोड्या. उत्तमसिंगनं आपले पत्ते टेबलावर ठेवले आणि मोठ्यानं सांगितलं, "दश्श्या. तीन."

रस्त्यावरून एक ऑटो गेली. उकंडानं टेबलावर हात फिरवला. त्याच्यासमोर लाकूड तेवढं होतं.

"येवढा वेळ कायचा विचार करून राह्यला होता बे?" त्यानं विचारलं.

उत्तमसिंगनं खोटं बोलायचं ठरवलं आणि त्याला ते जमलं नाही. "सोडून देऊ का म्हणून."

"मंग?"

"नाही सोडलं."

उकंडानं मान हलवली, सावकाश, दोनदा. मग खुर्ची पुढं ओढली. "सत्यशीला, तू हरली, मी हरलो. नवा डाव मांडा. आणि पत्ते मी वाटतो. हा वाटते तवा दर वेळी ह्यालेच दश्श्या येतात."

"अबे, मी काय लबाडी केली?"

"मी कुठं म्हणलं? मी वाटतो म्हणलं."

"तू वाटशील तं पत्ते ओरडून कोण सांगन?"

"मी सांगीन," सत्यशीला म्हणाली. "तुमी दोघं भांडत राहा."

उकंडानं पत्ते पिसायला घेतले. बोटांना अजून ती सवय होती. उत्तमसिंगनं चकत्या चौघांत वाटून दिल्या, आणि दोघं अजूनही वाद घालतच होते तेव्हा हंसाबाई दिव्याचं बटन दाबायला उठली.